घुटीच्या डबीवरचं बाळ

पगार घेऊन रिकामे डबे सांभाळणारी नगर शहरातली मी बहुधा एकमेव बाई असेन. माझ्या लग्नाच्या बोलण्यात वडिलांची त्यामुळे फार पंचाईत व्हायची. "मुलगी काय करते?" असं कुणी विचारलं की "म्युझियममध्ये आहे" एवढं सांगून ते चहाची बशी पुढं सरकवायचे. पुढचा प्रश्न आलाच तर मग खरं सांगावं लागे. साबणाचे कागद, चहाचे डबे, विड्यांच्या बंडलांची लेबलं, काडेपेट्या, औषधांच्या बाटल्या. माल नाही, मालाचं नुसतं वेष्टन. एका गृहस्थांनी सरळ विचारलं, "म्हणजे भंगारात?"

पुढं मी एका शाळेच्या ग्रंथालयात उभी हयात काढली आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या नोकरीबद्दल लिहायचं तर चार हसण्यासारख्या गोष्टी निघतील. पण नोकरी म्हटलं की मला आधी ते संग्रहालयच आठवतं, आणि ते आठवलं की हसण्यासारखं फारसं काही हाती लागत नाही. तरी लिहिते, कारण ते पाहिलेली माणसं आता राहिली नाहीत.

संग्रहालय नानासाहेबांचं. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचा शिळाप्रेस होता. दगडावर चित्र काढून छापायचा जुना धंदा. नगर, पाथर्डी, जामखेड, पार बीडपर्यंतचे दुकानदार आणि कारखानदार त्यांच्याकडून लेबलं छापून घेत. छापलेल्या प्रत्येक लेबलाची एक प्रत नानासाहेब बाजूला ठेवत. मग दुसऱ्यांनी छापलेलीही जमवायला लागले. बायको गेली, मुलगा मुंबईला नोकरीला लागला, प्रेस ऑफसेटवाल्यांपुढं लंगडा झाला, तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यावरचा मोठा हॉल रंगवून घेतला आणि बाहेर पाटी लावली : 'वेष्टन संग्रहालय'. पाटी वाचून निम्मी माणसं फेटे-पागोटी बघायला मिळतील म्हणून जिना चढायची.

मी मॅट्रिक झाले होते आणि अक्षर बरं होतं, एवढ्यावर मला तिथं काम मिळालं. काम काय, ते सांगते. बाटलीवरचं लेबल ओढून काढायचं नाही. ओल्या फडक्यात बाटली गुंडाळून ठेवायची, लेबल आपणहून सुटतं. ते दोन टिपकागदांत दाबून वाळवायचं. ही लेबलं पिठाच्या खळीने चिकटवलेली असत, आणि खळ म्हणजे कसरीचं आणि झुरळांचं जेवण. म्हणून कपाटांत कडुलिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या. पत्र्याच्या डब्यांना खोबरेल तेलाचा हात, अगदी पुसट, नाहीतर रंग सुटतो.

"कुसुम," नानासाहेब मला सांगायचे, "आपल्याकडं वाचता येणारी माणसं किती? गिऱ्हाईक नाव वाचत नाही, चित्र बघतं. आई पोराला सांगते, पोपटाचा चहा आण, हत्तीची काडेपेटी आण. दुकानदाराने पोपटाऐवजी मोर दिला तर ती बाई पुडा परत पाठवते. आतला चहा तोच असला तरी. म्हणजे ती काय विकत घेते?"

उत्तराची वाट न बघता ते दुसऱ्या कपाटाकडं वळायचे.

येणारी माणसं थोडी आणि तऱ्हेवाईक. कॅन्टोन्मेंटमधले एक निवृत्त सुभेदार दर आठवड्याला यायचे. तंबाखूचा एक जुना डबा मागून घेऊन झाकण उघडायचे, वास घ्यायचे आणि डबा परत द्यायचे. त्या डब्यात वास उरलेला नव्हता, मी स्वतः बघितलं होतं. एक व्यापारी यायचे ते केवळ आपल्या मेलेल्या प्रतिस्पर्ध्याचा छाप आपल्यापेक्षा खाली लावलाय ना, याची खात्री करायला.

आणि गयाबाई.

पहिल्यांदा आली तेव्हा ती जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबली. चाळिशीची, काळीसावळी, कपाळ मोकळं, पदर डोक्यावर घट्ट. चपला हातात घेतलेल्या.

"आत या ना," मी म्हटलं.

"हिथं डब्या हायेत म्हनं जुन्या," ती म्हणाली. "घुटीची हाय का? बाळाची?"

घुटीच्या डब्या आमच्याकडं बऱ्याच होत्या. मी कपाट उघडलं. तिने एकेक नुसती नजरेनं बघितली आणि मग एका डबीपाशी आल्यावर तिथंच खाली बसली. पुठ्ठ्याची, हाताच्या तळव्यात मावेल एवढी डबी. नगरच्याच एका वैद्यांची घुटी. ते वैद्य वारले, घुटी बंद झाली. डबीवर गुटगुटीत बाळ, टपोरे काळे डोळे थेट आपल्याकडं बघणारे, कपाळाला तीट, भोवती झेंडूच्या फुलांची महिरप.

"ह्यो माजा हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी नानासाहेबांना हाक मारली. ते आले, त्यांनी तिच्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाले, "तू शेजारच्या विडी कारखान्यात होतीस का गं?"

"व्हय मालक. गया."

हळूहळू सगळं कळलं. ती मूळ तिसगावची. दहा-बारा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर नगरला आली होती, प्रेसच्या शेजारी विड्या वळायला जायची. कारखान्यात लेकराला नेऊ देत नसत, म्हणून ती त्याला प्रेसच्या ओट्यावर सावलीत ठेवायची. त्याच वेळी वैद्यांचं लेबलाचं काम आलं होतं. प्रेसमध्ये चित्रं काढणारे रहीमभाई होते, त्यांना गुटगुटीत बाळ हवं होतं. त्यांनी ओट्यावरच्या बाळाला बघून चित्र काढलं. डब्या बाजारात आल्या तेव्हा गयाबाईने सगळ्या कारखान्याला दाखवल्या. पुढच्याच वर्षी गोवर आला आणि पोर गेलं. नाव अंबादास. दुसरं मूल झालं नाही. नवराही काही वर्षांनी गेला आणि ती तिसगावला भावाच्या वस्तीवर राहायला गेली.

"फोटू काडला न्हवता," ती म्हणाली. "कोन काडतंय? म्या त्या डब्या घेऊन ठिवायची. घरात बाळ न्हाई आन घुटी आनते म्हनून सासू बोलायची. मग घुटी मिळंना झाली. माज्याकडली डबी पावसात भिजली, रंग गेला. मग कुनीतरी म्हनलं, मालकांनी जुन्या डब्या ठिवल्यात."

नानासाहेबांनी ती डबी कपाटातून काढली आणि तिच्या हातात दिली. "घेऊन जा," ते म्हणाले. मी चकित झाले, कारण त्या संग्रहातली काडेपेटीसुद्धा त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती.

गयाबाईने डबी दोन्ही हातांत धरली. बराच वेळ बघितली. मग मान हलवली.

"नगं मालक. माजं घर म्हंजी कुडाचं. वाळवी हाय, उंदीर हाय, पाऊस आला की गळतंय. माज्याकडं न्हाई टिकायचं ह्ये. तुमी कपाटात ठिवता, औषीद टाकता. हिथंच असू द्या. मी येत जाईन."

आणि ती येत राहिली. तिसगावहून बाजाराला किंवा दवाखान्याला कुणी नगरला निघालं की त्यांच्याबरोबर यायची. मी कपाट उघडून डबी टेबलावर ठेवायची. ती समोर बसायची. हात लावायची नाही; हाताच्या घामाने रंग जातो हे मी तिला एकदा सांगितलं होतं, ते तिने मनावर घेतलं होतं. कधी त्याच्याशी बोलायची, अगदी हलक्या आवाजात. मी उठून दुसऱ्या टोकाला जायची. निघताना म्हणायची, "येते ताई. ध्यान ठिवा."

मी एकदा नानासाहेबांना म्हटलं, रहीमभाईंचं दगडावरचं मूळ चित्र असेल, त्यावरून तिला दोन-चार प्रती छापून देऊ. ते हसले, पण बरं वाटेल असं नाही. "दगड कुणी ठेवतं का? काम झालं की वाळू-पाणी टाकून घासायचा आणि पुढचं चित्र काढायचं. त्या बाळावर नंतर निदान पन्नास लेबलं निघाली असतील."

म्हणजे ती एकच डबी होती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्याविषयी पुष्कळांनी लिहिलंय, मी आमच्या हॉलपुरतं लिहिते. पावसाळा कोरडा गेल्यावर शहरातले नळ आटले आणि टँकरपुढं रांगा लागल्या. माणसांकडं पाणी भरायला भांडी पुरेनात. एक दिवस गल्लीतल्या दोन बायका वर आल्या. त्यांनी संग्रह बघितला नाही, सरळ विचारलं, "नानासाहेब, तुमच्या डब्यांत पाणी राहतं का?"

तेलाचे, तुपाचे, रॉकेलचे मोठे डबे आमच्याकडं भिंतभर होते. काहींवर देवदेवतांची अशी चित्रं होती की लोक आधी चपला काढायचे. नानासाहेबांनी त्या भिंतीवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "कुसुम, डबा भरण्यासाठीच असतो. दे."

त्या आठवड्यात सगळी भिंत रिकामी झाली. कासारगल्लीतल्या माणसाने त्यांना लाकडी दांड्या बसवून दिल्या. पुढं टँकरच्या रांगेत मला आमचे डबे दिसायचे. लक्ष्मीचा चेहरा दगडावर घासून गेलेला, कमळ तेवढं शिल्लक. मी कामाला जाताना दुसऱ्या गल्लीने जायला लागले.

त्यानंतर धान्य आलं. बाहेरच्या देशातून मिलो नावाची लाल ज्वारी येत होती, ती ठेवायला गावात जागा पुरत नव्हती. मोठे कोरडे हॉल कुणाचे आहेत याची चौकशी सुरू झाली. आमच्याकडं विचारायला माणूस आला तेव्हा नानासाहेबांनी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. "न्या," म्हणाले. "लोक उपाशी असताना मी रिकामी खोकी मांडून बसू?" त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

कपाटं आम्ही खाली प्रेसच्या मागच्या खोलीत हलवली. प्रेस तोवर बंदच होता. मी सगळीकडं नव्या गोळ्या टाकल्या, सापळे लावले, दारांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. वर पोत्यांवर पोती रचली गेली, थेट तुळईपर्यंत. आणि पोत्यांमागून उंदीर आले. इतके उंदीर मी जन्मात बघितले नव्हते. दुष्काळात तेही चहूकडून धान्याच्या वासाने येत होते. वरच्या पोत्यांवर माणसांचा पहारा असायचा, औषध घातलं जायचं. तिथं भागलं नाही की ते भिंतीतून खाली उतरायचे. खाली काय होतं? पिठाची खळ लावलेला कागद.

त्यांनी कपाटांच्या मागच्या फळ्या कुरतडल्या. पुढून कड्या-कुलपं जशीच्या तशी. मी कपाट उघडलं तेव्हा आतून कागदाचा भुसा पायांवर पडला. त्यात लाल-पिवळे कपटे होते. एका कपट्यावर पोपटाची चोच होती. घुटीच्या कपाटात डब्यांच्या जागी घरटं केलेलं होतं आणि त्यात पिल्लं होती, गुलाबी, डोळे न उघडलेली. मी नानासाहेबांना बोलावलं. ते आले, बघितलं, आणि प्रेसच्या ओट्यावर जाऊन बसले. दोन दिवस मी तो भुसा चाळला. झेंडूच्या महिरपीचा नखाएवढा तुकडा सापडला. बाळाचं काही सापडलं नाही.

गयाबाई उन्हाळ्यात आली. तिसगावकडं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. हाताला चिंध्या बांधलेल्या, ओठ फुटलेले, अंगावर मांस राहिलं नव्हतं. ती सवयीने जिना चढायला लागली. वर पोती बघून खाली आली.

"कुटं हलवलं ताई?"

नानासाहेब उठून तिच्यापुढं आले. त्यांनी टोपी काढली. एका विड्या वळणाऱ्या बाईपुढं त्यांनी टोपी काढलेली बघून मला रडू कोसळलं.

"गया, उंदरांनी खाल्लं सगळं," ते म्हणाले. "मला राखता आलं नाही."

तिने आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने मागच्या खोलीचं दार स्वतः उघडलं, रिकामी कपाटं बघितली, खाली वाकून फळीच्या भोकात बोट घालून बघितलं.

"माज्या घरी बी ह्येच झालं असतं," ती म्हणाली.

नानासाहेबांना ते सहन झालं नसावं. ते एकदम म्हणाले, "रहीमभाई आहेत अजून. चल. त्यांनी काढलं होतं, ते पुन्हा काढतील."

आम्ही तिघं झेंडीगेटला रहीमभाईंच्या घरी गेलो. ते खाटेवर बसलेले होते. वय झालेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण नानासाहेबांचा आवाज ऐकताच उठून उभे राहिले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी नातीकडून कागद-पेन्सिल मागवली आणि कागद डोळ्यांपाशी नेऊन काढायला लागले. हाताचं वळण तेच होतं. गाल उतरले, हनुवटी उतरली, कपाळावर तीट आली. गयाबाई कागदाकडं वाकून बघत होती. मलाही वाटलं, होतंय.

डोळ्यांपाशी आल्यावर रहीमभाई थांबले.

"बाई," त्यांनी विचारलं, "डोळे कसे होते त्याचे? लांबट का गोल?"

"डबीवर हुतं तसं," ती म्हणाली.

"ते सोडा. त्याचे कसे होते? तुमच्या मुलाचे?"

गयाबाईने डोळे मिटले. ओठ हलले. मग उघडून ती म्हणाली, "मला त्या चितरातलंच आठवत्यात."

रहीमभाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग ते सावकाश बोलले. तिला बरं वाटावं, गेलेल्या वस्तूचं दुःख थोडं हलकं व्हावं, एवढ्याच हेतूने बोलले असणार. ते कुणाचं मन दुखवणारे नव्हते.

"खरं सांगू का? मी काढलं तेव्हा तो झोपलेला होता, बाई. गाढ. गाल, हात, तीट, सगळं त्याचं. वैद्यांना उघडे डोळे पाहिजे होते, म्हणून डोळे मी मनाने घातले. तेव्हा जे गेलं ना, ते पुरतं तुमचं नव्हतंच."



"म्हंजी," गयाबाई म्हणाली, "इतकी वर्सं मी कुनाला बगत हुते?"

रहीमभाईंच्या सुनेने पाण्याचा तांब्या आणला, अर्धाच भरलेला. तेव्हा कुणाच्याच घरी पूर्ण नसायचा. गयाबाई दोन घोट प्यायली, उरलेलं परत दिलं. कागद तिने घेतला नाही. "गाडी जाईल," एवढंच म्हणाली आणि निघाली. मी बसथांब्यापर्यंत तिच्याबरोबर गेले.

त्या वर्षी पाऊस झाला, पोती गेली, हॉल झाडून झाला. नानासाहेब वर आले, रिकाम्या भिंतींकडं बघितलं आणि म्हणाले, "कुणाला तरी भाड्याने देऊन टाकू." पाटी त्यांनी स्वतः काढली. मला शाळेतली नोकरी त्यांच्याच ओळखीने मिळाली. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. रहीमभाई त्यांच्याही आधी गेले.

मी गयाबाईला एकदा भेटले. शाळेतल्या एका बाईंच्या घरचं कार्य होतं पाथर्डीला, तिथून परतताना मी तिसगावला उतरले आणि विचारत विचारत वस्तीवर गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. मला बघून उठली, घोंगडी टाकली, गूळ-पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. डबीचं नाव तिने काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही.

निघताना ती मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. एसटी लांबून येताना दिसली तेव्हा तिने माझा हात धरला.

"ताई, त्या चाचांनी सांगितलं ना, त्यो झोपला हुता म्हनून," ती म्हणाली. "तवापासनं मला त्यो डोळं मिटलेलाच दिसतो. आदी कसा टकामका बगायचा. आता बगत न्हाई."

एसटी जवळ आली.

"मी बी उठवत न्हाई," ती म्हणाली आणि एसटीला हात केला.